उठतीचा ठेका

२८ ऑक्टोबर, शुक्रवार

नवरा आज पुन्हा गायब! चहा प्यायले, कप विसळून ठेवला (हे एक बरं आहे, एकट्यानं राहून लागलेलं वळण), "येतो जरा" म्हणाले आणि गेले. ते थेट जेवायच्या वेळेला परत. शर्टाला धुराचा वास! तळहात लालबुंद. विचारलं तर म्हणे, काम होतं. एसी दुरुस्त करणाऱ्याच्या शर्टाला धूर कसला? गार हवेचं काम ते!

दारूचा वास नाही. अत्तराचा नाही. नीट हुंगून बघितलं — इथं बघायला कोण बसलंय. धूरच.

सतीश. हं, लिहिलं नाव. तोंडानं नाही घेणार, कागदावर घेतलं तर कुणाचं काय जातंय!

लग्नाला एकोणीस वर्षं झाली. त्यातली एकत्र किती राहिलो? वर्षाची सुट्टी आली की दोन महिने, त्यातले निम्मे लोकांच्या लग्नांत जेवण्यात जायचे. सासूबाई गेल्या, जितेश रत्नागिरीला होस्टेलवर गेला, तेव्हा म्हणाले, आता तू ओमानला, निझवाला ये. आले. मनाशी ठरवून आलेय — जमलं तर कायमचं राहायचं, नाही तर शिमग्याच्या आत परत गावी. माणूस चांगला आहे. पण ओळखीचा नाही. खरं लिहायचं तर या घरात पाहुणा कोण, मी की ते, तेच कळत नाही.

३० ऑक्टोबर

शर्ट दोनदा धुतला. वास जात नाही.

४ नोव्हेंबर, शुक्रवार

कुठून सुरुवात करू!

आज त्यांच्या आधी मीच चपला घालून दारात उभी राहिले. म्हटलं, मीही येते. चेहरा असा झाला, जितेशच्या दप्तरात दहावीला मोबाईल सापडला होता तेव्हा त्याचा झाला होता तसा. पण नाही म्हणाले नाहीत. कंपनीच्या पिकअपमध्ये बसवलं आणि गावाबाहेर नेलं. आणि गाडी थांबली ती स्टेडियमपाशी!

आत शिरले आणि जागच्या जागी थांबले. हिरवं! आल्यापासून या गावात सगळं तपकिरी बघतेय. डोंगर तपकिरी, भिंती तपकिरी, किल्ला तपकिरी. आणि मधोमध हे असं हिरवंगार गवत, आमच्याकडे श्रावणातसुद्धा इतकं एकसारखं नसतं. मागं डोंगर, त्याच्यावर गुलाबी आभाळ, आणि तेवढ्यात मोठे दिवे लागले. मी चक्क हात जोडले. कुणाला, देव जाणे!

माणसं मात्र मोजकी. आमच्या वाडीतल्या पूजेला याहून जास्त असतात. पण जो तो सतीशना हाक मारतोय, "अबू गितेश! अबू गितेश!" गितेश कोण? मग उजेड पडला — आमचा जितेश! इथं माणसाला मुलाच्या नावानं हाक मारतात, आणि निझवावाले 'ज'चा 'ग' करतात. मला बायकामुलांच्या बाजूला बसवलं आणि पुन्हा गायब.

शेजारी एक तरुण ओमानी बाई. हिबा. शाळेत खेळाची शिक्षिका आहे, हिंदी छान बोलते, मालिका बघून शिकलेली. म्हणाली, तू उम्म गितेश, म्हणजे गितेशची आई ना? गोलात उभा आहे तो माझा भाऊ, नबील. इतक्यात स्टँडच्या मागून धूर आला. तोच वास! उठून कठड्यावरून वाकून बघितलं. खाली खजुरीच्या झावळ्या पेटवून पाचसहा जण ढोल शेकत होते. आमच्याकडे शिमग्यात होळीपाशी शेकतात ना, अगदी तसे, फिरवून फिरवून, मध्येच बोटानं टिचकी मारून. पांढऱ्या डगल्यातले चारपाच ओमानी. आणि एक निळ्या शर्टातला माणूस. आमचा!

मग ते सगळे समोरच्या पायऱ्यांवर जाऊन बसले आणि वाजवायला लागले. काय सांगू! गावात कुणाच्या वरातीत दहा माणसांच्या मागं उभा राहणारा माणूस तो, कधी टाळीसुद्धा वाजवली नाही. त्यानं मान मागं टाकली आणि ढोल असा धरला की बाकीचे त्याच्याकडे बघून वाजवायला लागले. मैदानात कोण कुठं पळतंय मला काही कळलं नाही. मी एकाच माणसाकडे बघत होते. हा माझा नवरा आहे होय! एकोणीस वर्षं कुठं ठेवला होता याला?

सामना बरोबरीत सुटला म्हणे. असेल.

५ नोव्हेंबर

आज विचारलंच. का लपवलं?

बराच वेळ भेंडी निवडत बसले. मग थोडं थोडं बाहेर आलं. आमच्या गावात पालखीच्या ढोलाचा मान वरच्या वाडीचा. आमच्या घराकडे काम पालखीपुढं पाणी शिंपडायचं. म्हणजे लहानपणापासून तांब्या घेऊन ढोलाच्या तोंडाशी उभं राहायचं, पण हात लावायचा नाही. एकदा दहा वर्षांचे असताना नुसतं बोटानं वाजवलं, तर सासऱ्यांनी सगळ्यांसमोर कान पिळला होता. मग इथं फुटबॉल क्लबाच्या खोलीतला एसी दुरुस्त करायला गेले. बाहेर म्हातारे अबू हमद ढोल घेऊन बसलेले, दवानं चामडं सैल पडलेलं. सतीशनी विस्तव मागितला. शेकून वाजवून दाखवला. म्हाताऱ्यानं ढोल परत घेतलाच नाही.

"कुणाचा तू, कुठल्या वाडीचा, कुणी इचारलंच नाय गं," म्हणाले. आणि गावात कळलं असतं तर? आणि तू हसली असतीस तर?

मी हसले नाही. उलट उठून तोंड धुवून आले.

११ नोव्हेंबर, शुक्रवार

आज हिबानं ऑफसाइड शिकवलं. पायरीवर खजूर मांडून! ही आपली माणसं, ही त्यांची, हा चेंडू. मला समजलं असं वाटलं तोवर तिच्या लहान भाच्यानं बचाव खाऊन टाकला.

मध्यंतरात मगरिबची बांग झाली. दोन्ही संघ, रेफ्री, लाइन्समन, पायऱ्यांवरचे लोक, सगळे रेषेच्या कडेला गवतावर एका ओळीत नमाजाला उभे राहिले. ज्यानं आत्ता ज्याच्या पायात पाय घातला होता तो त्याच्याच खांद्याला खांदा लावून. मग उठले आणि पुन्हा एकमेकांच्या अंगावर! मी तोंडात बोट घालून बघत राहिले.

आणि या लीगच्या खाली आता लीगच नाही म्हणे. म्हणजे आपला क्लब हरून हरून जाणार तरी कुठं! किती निवांत.

१६ नोव्हेंबर

सूकमध्ये, म्हणजे इथल्या जुन्या बाजारात, हलवा घ्यायला गेलो. मोठ्या तांब्याच्या कढईत एक धिप्पाड मुलगा लांब दांड्यानं हलवा घोटतोय. घामानं भिजलेला. मान वर केली तर — नबील! आपला गोलकीपर! वडिलांचं दुकान आहे. मला कोपऱ्यातला गरम हलवा पानावर काढून दिला, वर इवल्याशा कपात कहवा. मी कप पुढं करत राहिले, तो ओतत राहिला. नको असेल तर कप हलवायचा असतो हे सतीशनी आठव्या कपानंतर सांगितलं. मुद्दाम! हसत होते गालात.

एवढा मोठा खेळाडू आणि आमच्या पिशवीला गाठ मारून देतो. मला तर टीव्हीवरचा माणूस बाहेर आल्यासारखं वाटलं. सतीश म्हणतात, अगं, त्याला टीव्हीवर कधीच दाखवत नाहीत.

२ डिसेंबर, शुक्रवार

कतारला वर्ल्ड कप चालू आहे. दुनिया टीव्हीसमोर. आमच्या क्लबानं शेजारच्या गावाशी मैत्रीचा सामना ठेवला आणि आम्ही तिकडं गेलो! बघायला माणसं इतकी कमी की रेफ्रीनं शिट्टी वाजवली की पायऱ्यांवरून लोक त्याला नावानं विचारायचे, का रे बाबा?

आणि शेवटी त्यांना पेनल्टी मिळाली. ढोल थांबले. हिबानं माझा हात घट्ट धरला. तो पलीकडचा मुलगा धावत आला, आणि नबील — तो हलवा घोटणारा नबील! — आडवा झेपावला आणि चेंडू दोन हातांनी पकडून छातीशी धरला. हलव्याचा गरम टोप उचलावा तसा! मी किंचाळले. खुर्चीवर उभी राहिले होते, हे मला हिबानं नंतर सांगितलं. घरात कधी मोठ्यानं बोलले नाही मी. सासूबाई बघायला हव्या होत्या.

वर्ल्ड कप कोण जिंकेल ते जिंको. मी पेनल्टी अडवलेली बघितली आहे.

९ डिसेंबर

हरलो. चार गोल. ढोल शेवटपर्यंत थांबला नाही.

२१ डिसेंबर

दोन महिन्यांपूर्वी हाच माणूस जेवताना नुसता "वाढ" म्हणायचा. आता मी भाकरी थापते तेव्हा समोर बसून ताटावर बोटांनी वाजवतात. मी ओळखायचं. हा पालखी गावात शिरतानाचा. हा नाचवतानाचा. हा उठतीचा.

उठतीचा ठेका ऐकला आणि मी म्हटलं, चुकलात. घरातून पालखी उठून निघते तेव्हाचा तो ठेका. शेवटचा घाव तुम्ही लवकर घालता. ते म्हणाले, छे, मी पालखीपुढं चाललोय लहानपणी, मला ठाऊक. मी म्हटलं, चालला असाल. दारातून ऐकलात कधी? आम्ही बायका ताट घेऊन उंबऱ्यावर उभ्या असतो. पालखी अंगणातून जाते, बांधावरून जाते, वळणापलीकडे दिसेनाशी होते. ठेका बारीक होत जातो, मध्ये सगळं गप्प. आता संपला असं वाटतं. आणि मग लांबून तो एक घाव. तो पडेपर्यंत आत जायचं नसतं.

पिठाच्या हातानं मीच परातीवर वाजवून दाखवला. बघत राहिले माझ्याकडे. म्हणाले, "दारातून नाय ऐकला कधी."

खरंच की. लहानपणी पालखीबरोबर, आणि मोठेपणी ओमानात. शिमग्याला कधी सुट्टीच मिळाली नाही. त्या दारात दरवर्षी मी एकटीच.

मग म्हटलं, पण स्टँडमध्ये हा वाजवू नका हं. उगाच वाजवत नाहीत तो. कुणीतरी निघालं असलं तरच वाजवायचा. ते म्हणाले, "एवढं तर मलाही कळतं."

३० डिसेंबर, शुक्रवार

जिंकलो!!! नबीलच्या वडिलांनी पायऱ्यांवर परातभर हलवा वाटला. रेफ्रीलासुद्धा. आणि हरलेल्या संघालाही! घरी येताना गाडीत आम्ही दोघं मोठमोठ्यानं बोलत होतो, एकाच वेळी. कोण कुणाचं ऐकत होतं कुणास ठाऊक.

शिमग्याच्या आत परत जायचं म्हणून आले होते. जाणार नाही. ठरलं. त्यांना अजून सांगितलं नाही, नव्या वर्षात सांगेन.

७ जानेवारी

दोन दिवस झाले, ताटावर बोटं वाजत नाहीत. विचारलं तर "काम". पुन्हा तेच काम!

१३ जानेवारी, शुक्रवार

सामना एकेक गोलवर होता. शेवटची काही मिनिटं. सगळे जोरात वाजवत होते, हिबा शिट्ट्या मारत होती. आणि मध्येच एक ढोल वेगळा झाला. बाकीचे थांबले, नवीन काही आहे म्हणून ऐकायला लागले. टाळ्या पडल्या. हिबा म्हणाली, वा, ये नया है!

नवीन कसला. उठतीचा.

माझे हात आपोआप पुढं आले, ताट धरल्यासारखे. पायांखालच्या सिमेंटच्या पायऱ्या गेल्या, अंगण आलं. ठेका बारीक होत गेला. मग गप्प. सगळ्या स्टेडियमला वाटलं संपला, लोक बोलायला लागले. मी उभीच. आणि मग तो एक घाव. मी शिकवला तसा, लांबवून.

समोरच्या पायऱ्यांवरून माझ्याकडेच बघत होते. एवढ्या माणसांत तो ठेका कळणारी मी एकटी होते, आणि माझ्यासाठीच वाजवला होता.

घरी आल्यावर चप्पल काढायच्या आधी विचारलं, "कुठं निघालात?"

"दुक्म," म्हणाले. "एक तारखेपासून."

आठ दिवसांपासून माहीत होतं. तोंडानं सांगता येईना.

१४ जानेवारी

दुक्म म्हणजे समुद्राकाठची रिफायनरी. वाळवंटातून पाच तासांवर. पुरुषांचा कॅम्प, एका खोलीत चौघं, बायकामुलं न्यायची सोय नाही. कॉन्ट्रॅक्ट दोन वर्षांचं. नाही म्हटलं तर नोकरी खलास, म्हणजे दोघंही गावी.

त्यांनी सगळं ठरवूनच ठेवलं होतं. मी गावी जायचं. घर आहे, दीर शेजारी आहेत, जितेश रत्नागिरीहून शनिवार-रविवार येईल. आणि ते सुट्टीला येतील. दोन महिने. पहिल्यासारखे!

मला इतका राग आला की काय लिहू. रागानं रडू येतं याचा आणखी राग. एकोणीस वर्षं दारात उभी राहिले. दर सुट्टी संपली की जीप वळणापलीकडे जाईपर्यंत मीच उभी, आणि ते मागं वळूनसुद्धा बघायचे नाहीत. आता कुठं ओळख झाली होती. आता कुठं!

म्हटलं, मी इथंच राहते. निझवात. सुट्टी मिळेल तेव्हा तुम्ही इथं या. ते म्हणाले, "येडी का काय? भाषा नाय, माणूस नाय. परक्या मुलखात एकटी कशी ऱ्हाशील?"

मी म्हटलं, "तुम्ही राहिलातच की."

उठले, माझा चहाचा कप घेतला आणि विसळून ठेवला.

२७ जानेवारी, शुक्रवार

त्यांचा शेवटचा सामना. हरलो. अबू हमदनी त्यांच्या कपाळाला कपाळ लावलं आणि कितीतरी वेळ सोडलं नाही. नबील हातमोजे काढून पळत आला. सतीशनी ढोल परत द्यायला पुढं केला तर म्हाताऱ्यानं दोन्ही हात पाठीमागं नेले. म्हणाले, इन्शाल्ला परत येशील, तोवर घेऊन जा, घरी ठेव.

१ फेब्रुवारी

गेले. मी दारात उभी राहिले नाही. खाली उतरून पिकअपमध्ये बसले आणि चौकापर्यंत सोडायला गेले, तिथून चालत आले. दारात उभी राहणार नाही म्हणजे नाही.

ढोल कपाटावर आहे.

३ फेब्रुवारी, शुक्रवार

हिबा न्यायला आली. ढोल वाजले, पण मध्ये एक भोक होतं. दात पडल्यावर जीभ तिथंच जाते ना, तसा माझा कान सारखा तिथंच जायचा. फोन लावून वर धरला. तिकडं कॅम्पमध्ये सतीश आणि त्यांचे खोलीवाले स्पीकरवर ऐकत होते. मी सांगत होते, आता कॉर्नर, आता नबीलनं बाहेर काढला, आता लाइन्समन झोपलाय. खोलीतले लोक तिकडं ओरडत होते! दोन केरळचे, एक बिहारी. आपल्या क्लबाला दुक्ममध्ये पाठीराखे मिळाले.

एकोणीस वर्षं ते फोनवर विचारायचे आणि मी सांगायचे — पाऊस पडला, गाय व्यायली. आज पहिल्यांदा सांगताना मजा आली.

१५ फेब्रुवारी

भिकाजी भावोजींचा फोन. शिमग्याला तरी या, वहिनी. घराला कुलूप असलं तर पालखी दारात टेकत नाही, पुढं जाते. आपल्या दारावरून कधी गेलेली नाही.

मला माहीत नाही का! आणि दुसऱ्यानं उघडून चालत नाही, आमच्याकडे घरच्याच माणसानं उंबऱ्यावर ताट धरायचं असतं. भावोजींचं घर वेगळं, चूल वेगळी.

जाऊन आठ दिवसांत परत येता येईल. पण मी मला ओळखते. एकदा ते दार उघडलं की दार धरूनच बसेन. हा म्हणेल आता कशाला जाता, तो म्हणेल आता कशाला जाता, आणि मलाही तसंच वाटायला लागेल.

सतीशना फोनवर सांगितलं. पालखी पुढं गेली तर जाऊ दे, म्हटलं.

१६ फेब्रुवारी

दिवसभर देवीची मनातल्या मनात माफी मागतेय. डोकं दुखलं.

२४ फेब्रुवारी, शुक्रवार

लिहिताना हसू येतंय. अबू हमदनी हिबाकरवी निरोप पाठवला होता, ढोल कपाटावर ठेवला की मरतो, घेऊन या. घेऊन गेले. वाटलं परत घेतील. तर म्हाताऱ्यानं स्वतः झावळ्या पेटवल्या, ढोल शेकला आणि माझ्या हातात दिला!

मी! वरच्या वाडीचा मान नाही, घराण्याचा मान नाही, त्यात बाई! गावातून कुणीतरी येऊन कान पिळेल असं वाटून मागं बघितलं. मागं हिबा आणि तिच्या शाळेच्या पोरी, यल्ला यल्ला, चल चल करत.

बायकांच्या पायऱ्यांवर बसून वाजवला. पालखी गावात शिरतानाचा. पहिल्यांदा हात चुकला, दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा बसला. आणि समोरून, पुरुषांच्या पायऱ्यांवरून, अबू हमद आणि सगळे तोच ठेका वाजवायला लागले! इतक्या वर्षांत सतीशनी सगळ्यांना शिकवून ठेवलाय. ज्यांनी पालखी कधी बघितली नाही, ते पांढऱ्या डगल्यातले लोक आमच्या देवीला गावात घेत होते, आणि खाली हिरव्या गवतावर नबील गोलात उभा राहून मान डोलवत होता. मी वाजवत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. एवढं मोठं काही मी आयुष्यात बघितलं नव्हतं. आणि बघायला माणसं किती? आमच्या वाडीतल्या पूजेइतकी.

फोन लावला होता. कॅम्पमधून नुसतं एक वाक्य आलं. "माज्यापेक्षा बरा वाजवतंस."

६ मार्च

आज गावी होळी. इथं मी पुरणपोळ्या केल्या आणि हिबाच्या घरी दिल्या. सतीशचा फोन दोन दिवस लागत नाही. कॅम्पमध्ये नेटवर्क नसेल.

१० मार्च, शुक्रवार

मध्यंतरात पायरीवर बसून लिहितेय, पहिल्यांदाच वही इथं आणली, घरी थांबवेना. आज पालखी आमच्या वाडीत येणार होती. मला बघायचं नव्हतं, ऐकायचं नव्हतं. तरी जितेशनं व्हिडिओ पाठवला.

आमचं अंगण. सारवलेलं. दार उघडं! पालखी दारात टेकलेली. आणि उंबऱ्यावर ताट घेऊन उभे — सतीश! पहिली सुट्टी घेऊन, मला न सांगता, दुक्महून थेट गावी. पुरुषानं ताट धरलं म्हणून मागं बायका हसतायत. ताट वाकडं धरलंय, निरांजन विझायला आलंय. जितेश मागून बोलतोय, बाबा म्हणाले, आईला सांग तिकडंच राहा.

पालखी उठली. ठेका सुरू झाला, बांधावरून गेला, वळणापलीकडे बारीक होत गेला. सगळं गप्प झालं. लोक पांगले. ते तसेच उभे, मी उभी राहायचे त्याच जागी. शेवटचा घाव पडेपर्यंत आत गेले नाहीत.